हे बरं की ते बरं

चष्मेवाल्याने गाडीचं दार तिसऱ्यांदा लावलं आणि जाणकाराने करावा तसा चेहरा केला. दार ‘ठप्प’ असं वाजलं. मग त्याने शेजारच्या गाडीचं दार लावून पाहिलं. तेही ‘ठप्प’ असंच वाजलं.

दोन्ही गाड्या जर्मन, जुन्या, दोन दारांच्या, लांब नाकाच्या आणि धुरकट निळ्या. एक, त्याला जिच्याशी लग्न करायचं होतं त्या मुलीच्या बाबांची, दुसरी तिच्या मोठ्या काकांची. कोणती सरस, यावरून भावाभावांचं बोलणं बंद झालं तेव्हा मुलगी शाळेत होती. आता ती लग्नाची झाली, तरी गॅरेज एकच होतं आणि अबोलाही तोच. मधोमध फरशीवर खडूची रेघ होती. ती दर रविवारी ताजी केली जाई.

लग्नाला होकार हवा तो दोघांचा. आणि दोघांनी, अर्थात वेगवेगळी, एकच अट घातली होती: मुलाने गाड्या बघून निकाल द्यावा. एकीला सरस म्हणावं तर दुसरीचा मालक रुसणार आणि लग्न बोंबलणार.

“तुझ्या बाबांना सांग, मुलाला इंजिन दाखवा म्हणावं,” काका पुतणीला म्हणाले. बाबा हातभर अंतरावर उभे होते.

“काकांना सांग, आमचं बॉनेट उघडंच आहे. झाकण्यासारखं आमच्याकडे काही नाही.”

मुलीने कुणालाच काही सांगितलं नाही. निरोप पोचवायची ही नोकरी तिने बिनपगारी बरीच वर्षं केली होती.

चष्मेवाल्याने दोन्ही बॉनेटांखाली डोकं घालून पाहिलं. तिथे इंजिनं होती. एवढं त्याला नक्की सांगता आलं असतं. दिवसभर तो लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारत असे, हे बरं की ते बरं? उत्तर देणाऱ्याला इतका घाम फुटतो, हे त्याला आज कळलं. त्याने मुलीकडे पाहिलं. ती नखं खात होती.

“मला,” तो म्हणाला, आणि ऐनवेळी खोटं काही सुचेना, “दोन्ही सारख्याच वाटतात.”

काकांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

“सारख्या?” बाबा म्हणाले.

“सारख्या म्हणतोय,” काका म्हणाले.

“अरे, हिचे कार्ब्युरेटर बघ—”

“ते राहू दे. बंपर? बंपर तरी दिसावा माणसाला.”

“दादा, तो टॉर्च दे इकडे. याला खिडकीची पट्टी दाखवतो.”

दादाचा हात जरासा थांबला. मग त्याने टॉर्च दिला.

त्यानंतर दोघांनी मिळून चष्मेवाल्याला वाकवलं, आडवं पाडलं, गाडीखाली घातलं. एकाने वाक्य सुरू करावं, दुसऱ्याने संपवावं. खडूची रेघ पार पुसून चष्मेवाल्याच्या पाठीला लागली.

“धंदा चष्म्याचा आणि उजेड हा,” काका शेवटी धापा टाकत म्हणाले. “धाकट्या, जावई आंधळा मिळालाय तुला.”

“मला एकट्याला का? आपल्याला म्हण.”

बाहेर आल्यावर मुलीने त्याची पाठ झटकली.

“खरंच काही फरक दिसला नाही?”

“नाही ना.” त्याने चष्मा शर्टाला पुसला. “आमच्याकडे पेशंट म्हणाला, दोन्ही सारखंच दिसतंय, की आम्ही थांबतो. नंबर बरोबर लागलेला असतो.”

आत बंपरवरून जुंपली होती. तिने सवयीने मान वळवली. मग, आपल्याला कोणी हाक मारत नाहीये हे लक्षात येऊन, तिथेच पायरीवर पाय पसरून बसली.