जावईबापूंची ओपनिंग

लग्नाच्या मांडवातच दत्तूअण्णांनी नव्या जावयाला सांगून ठेवलं होतं की दिवाळसणाला चांदवडला या, बुद्धिबळाचा एक डाव टाकू. थोरले दोघे जावई त्यांच्याकडून दरसाल हरतात, हे ललितच्या कानावर आलेलंच होतं. सासुरवाडीत आपली किंमत या डावावर ठरणार, हे त्याने ओळखलं. ते साल होतं शहाण्णव.

नाशकात मेन रोडच्या फुटपाथवरून त्याने ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांचं, एक जुनं जाडजूड पुस्तक आणलं आणि सहा महिने घोकलं. ऑफिसात असो की जेवणाच्या ताटावर, स्पॅनिश ओपनिंगच्या बारा खेळ्या त्याच्या तोंडी असत. तेराव्या खेळीचं पान फाटलेलं होतं, पण तोवर सासरे शरण येतील अशी त्याची खात्री होती. शाळेत पाढेही त्याने असेच पाठ केले होते. मधलाच आकडा कुणी विचारला की पहिल्यापासून सुरू करावं लागे. तृप्ती एकदा म्हणाली की अण्णांचा खेळ जरा वेगळा असतो, ऐकून तर घ्या. बायकोकडून बुद्धिबळ शिकायची वेळ अजून आली नाही, असं त्याला वाटलं.

दिवाळीत ओट्यावर पट मांडला. अख्खं घर भोवती बसलं. ललितने ऐटीत राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. अण्णांनी ते उचलून एक घर मागं ठेवलं.

"जावईबापू, प्यादं एकच घर चालतं."

देशी बुद्धिबळात तसंच असतं. सहा महिन्यांची तपश्चर्या पहिल्याच खेळीला पाण्यात गेली आणि पाऊण तासात राजाही पडला. ललितने नियमांना बोल लावला. नाचता येईना, अंगण वाकडं. अण्णा रागावले नाहीत. दुसरा डाव तुमच्या नियमानं खेळू म्हणाले, नियम नीट विचारून घेतले आणि तिसऱ्याच खेळीला पुस्तकात नसलेली चाल करत एक प्यादं पुढे केलं. ललित ओट्यावरच्या छपराच्या पत्र्याकडे बघत आठवू लागला. हा डाव वीस मिनिटांत आटोपला. आता दोष द्यायला नियमही उरले नव्हते. त्याला मनापासून लाज वाटली.

"अण्णा, माझं चुकलं कुठं?"

"तुम्ही सारखं वर बघून आठवत व्हते. डाव खाली चालला व्हता."

थोरले दोघे जावई जरा सरकले आणि त्यांनी ललितला आपल्या शेजारी जागा करून दिली.