सोळावी खोली

"मेलो! परत मेलो!" वर्षालीनं कपाळावर हात मारला आणि तिच्या मागं दाटीवाटीनं उभी असलेली दहा-अकरा पोरं एका सुरात हळहळली.

पडद्यावरचा बोटभर उंचीचा माणूस फळीवरून निसटून पाण्यात पडला होता. पाठीमागं दत्ताराम परीक्षानळ्या पुसत होता, म्हणजे एकच नळी गेली पाच मिनिटं पुसत होता.

"घाई कित्याक करतंस गो?" तो म्हणाला. "ती घार येता, जाता, परत येता. तिना पाठ फिरवली काय उडी मारूची. आदी न्हय आणि मागसून न्हय."

"पण अण्णानु, मगे खालसून चाक येता!"

"येवंदे. चाकाक शिडी चढाक येत नाय."

पोरं हसली. वर्षालीनं फ्रॉकला हात पुसले आणि पुन्हा कळांवर बोटं ठेवली.

दत्ताराम तोडणकर हा खाजणवाडीच्या हायस्कुलातला प्रयोगशाळेचा परिचर. येत्या मे महिन्यात तो निवृत्त होणार होता. घराणं दर्यावर्दी, बापाची होडी, भावाचा ट्रॉलर. पण दत्तारामाला होडीत पाय टाकला की ओकारी यायची. चौदाव्या वर्षी बापानं त्याला वैतागून किनाऱ्यावर उतरवलं ते कायमचं. वाडीत अजून कोणी थट्टेवर आलं की म्हणे, "दत्ताराम? तो तर न्हाणयेतल्या पाण्याकय भियाता!" तोही हसे. शाळेत त्याला कोणी काही म्हणत नसे, कारण शाळेत तो फारसा कोणाच्या ध्यानातच येत नसे.

हे जुनं संगणकाचं यंत्र सत्याऐंशी साली एका सरकारी योजनेतून दोन खोक्यांतून आलं होतं. ते शिकून घ्यायला विज्ञानाचे कामतसर आठ दिवस रत्नागिरीला गेले आणि खोकी उचलायला दत्तारामाला घेऊन गेले. वर्षभरात कामतसरांची बदली झाली. यंत्र कसं चालवायचं हे ठाऊक असलेला शाळेत एकच माणूस उरला, आणि तो खोकी उचलणारा. यंत्राबरोबर नऊ कॅसेटी होत्या. आठ कॅसेटींत पाढे, नकाशे असलं काहीबाही होतं. नवव्या कॅसेटीत हा खेळ. माणसानं फळ्यांवरून उड्या मारायच्या, शिड्या चढायच्या, किल्ल्या गोळा करायच्या आणि दार गाठायचं. दार उघडलं की पुढची खोली. अशा सोळा खोल्या आहेत असं कॅसेटीच्या वेष्टनावर छापलं होतं. शाळा सुटल्यावर शनिवारी दत्ताराम एकटा बसून खेळे. चार वर्षांत तो पंधराव्या खोलीपर्यंत पोचला. सोळावी त्यानं कधी पाहिली नाही. मग यंत्राचा पडदा गेला, कोणी दुरुस्त केला नाही, आणि दत्तारामानं सगळं जुन्या चादरीत, डांबराच्या गोळ्या घालून, अ‍ॅसिडच्या कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिलं.

गेल्या वर्षी शाळेला सहा नवे संगणक मिळाले. खोलीला लाद्या बसल्या, पडदे लागले, उद्घाटन झालं, पेढे वाटले आणि खोलीला कुलूप लागलं. शिकवणारा शिक्षक अजून मंजूर झाला नव्हता. किल्ली मुख्याध्यापिका सावित्री प्रभूबाईंच्या पर्समध्ये. "बिघडले तर जबाबदार कोण?" असं त्या विचारत. पोरं मधल्या सुट्टीत खिडकीच्या काचेला नाकं लावून आत बघत.

एकदा सातवीतली वर्षाली हातात चुंबक घेऊन उभी असताना दत्तारामाला म्हणाली, "अण्णानु, कंप्युटराक हात लावलो तर करंट मारता काय हो?"

प्रश्न तिनं भाबडेपणानं विचारला, पण त्या संध्याकाळी दत्तारामानं अ‍ॅसिडच्या कपाटावरची चादर खाली काढली. दुसऱ्या दिवशी त्यानं घरातला जुना काळा-पांढरा टीव्ही सायकलच्या कॅरियरला बांधला.

"ह्यो डबो खंय न्हेतात?" शेवंतीनं, त्याच्या बायकोनं, विचारलं.

"शाळेत."

"शाळेत बसान मालिका बगतलात?"

"मालिका न्हय. पोरांका येक गंमत दाखवूची आसा."

"वा! साठी जवळ इली आणि ह्येंका गंमत सुचता," असं म्हणत तिनंच दोरीची गाठ घट्ट करून दिली.

पहिल्या शनिवारी कॅसेट सुरू झाली तेव्हा तिच्या किंचाळण्यानं पोरांनी कानात बोटं घातली. शेपूट दाराच्या फटीत सापडलेल्या मांजरानं ओरडावं तसा तो आवाज, आणि तोही पाच मिनिटं, खेळ यंत्रात उतरेपर्यंत. नववीतला सुदेश तर कुडाळच्या सायबर कॅफेत गाड्यांचे आणि बंदुकांचे खेळ बघून आलेला. पडद्यावर माणूस उमटला तसा तो खो खो हसत सुटला.

"ह्यो माणूस काय मुंगी?"

"बस तर," दत्तारामानं स्टूल पुढं केलं.

सुदेश पहिल्याच खोलीत सात वेळा मेला. आठव्या वेळी कान लाल करून उठला आणि निघून गेला. पुढच्या शनिवारी प्रयोगशाळेच्या दाराशी सगळ्यांत आधी तोच उभा होता.

पोरांनी त्या माणसाचं नाव बाबली ठेवलं. कळा कुठल्या दाबायच्या, टेप कुठल्या आकड्यापासून लावायची, कॅसेट घेईना तर आवाजाचं बटण कितीवर न्यायचं, हे पोरं शिकली. दत्तारामानं एकदा वरचं झाकण काढून यंत्राचं पोटसुद्धा दाखवलं आणि प्रत्येकाला बोट लावू दिलं. खेळ लक्षात ठेवायची अक्कल त्या यंत्राला नव्हती. दर वेळी पहिल्या खोलीपासून सुरुवात. तरी सहा शनिवारांत वर्षाली तेराव्या खोलीत पोचली.

एका शनिवारी प्रभूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दत्ताराम, ही प्रयोगशाळा आहे की जत्रा?"

दत्ताराम ऑफिसातली मराठी बोलायला लागला. "बाई, मुलं यंत्राला भीत होती. आता भीत नाहीत."

"आणि यातून शिकतात काय?"

"ते मला सांगता येणार नाही, बाई. पण शनिवारी कोणी दांडी मारत नाही."

बाईंनी हजेरीपटाचा विचार केला असावा, कारण त्या वळून निघाल्या. जाताना फक्त म्हणाल्या, "बिघडलं तर जबाबदार कोण?"

"मीच," दत्ताराम म्हणाला.

आणि पुढच्याच शनिवारी बिघडलं. सकाळची शाळा साडेअकराला सुटली, दत्तारामानं कॅसेट लावली, खेळ यंत्रात उतरला, पडद्यावर बाबली उभा राहिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दत्तारामानं टेपचं झाकण उघडलं तर कॅसेटीबरोबर शेवयांसारखी फीत बाहेर आली. समुद्राच्या हवेनं ती कधीचीच कुजली होती. सोडवायला गेला तर तीन जागी तुटली.

"चिकटपट्टीन जोडूया!" सुदेश म्हणाला.

"ही जोडाची न्हय रे." दत्तारामानं तुकडे तळहातावर धरले. "आता खेळ फकत ह्या यंत्राच्या डोक्यात आसा. लायट आसा तवसर. लायट गेली काय संपला."

शनिवारी तीनला भारनियमन. सगळ्यांनी घड्याळाकडे बघितलं.

दत्तारामाला थांबता येत नव्हतं. पेन्शनचे कागद घेऊन आजच ओरोसला जिल्हा कचेरीत जायचं होतं. साहेब दीडपर्यंतच भेटणार होते. त्यानं पिशवी उचलली. "खेळा तीन वाजापर्यंत. भांडा नकात. मगे टीव्ही पुसान झाकून ठेवा," एवढंच सांगून तो बारा वाजताच्या एसटीनं गेला.

साहेबांनी कागद बघितले, दोन ठिकाणी सह्या राहिल्या म्हणाले, मग स्वतःच हसून म्हणाले, "राहू दे, त्या इथंच करा." परतीची एसटी कसालच्या पुढं पंक्चर झाली. लोक कंडक्टरवर करवादले. दत्ताराम काजूच्या झाडाखाली दगडावर बसून राहिला. त्याला कसली घाई नव्हती. पंधराव्या खोलीत त्याला दर वेळी पाण्यात पाडणाऱ्या तीन फळ्या त्याच्या डोळ्यांपुढं येत होत्या. पंधरा वर्षं त्याला वाटत होतं की कधीतरी निवांत बसू आणि ती खोली पार करू. आता निवांतपणा मे महिन्यात येणार होता, आणि खेळ आज संपणार होता. एवढंसं दुःख, ते सांगायचं तरी कोणाला? तो स्वतःशीच हसला आणि पँटला लागलेली माती झटकत एसटीत चढला.

खाजणवाडीच्या थांब्यावर उतरला तेव्हा तीनला सहा मिनिटं होती. सुदेश सायकल धरून उभा होता, घामाघूम.

"अण्णानु, बसा! बेगीन बसा!"

"काय झाला रे? कोण पडला काय?"

"वर्षाली सोळाव्या खोलयेत पोचली! बाबलीक शिडयेच्या मुळाशी उभो करून ठेवलो हा. थय तेका काय येक लागणा नाय. पावणेदोन वाजल्यापासून कोणी कळांक हात लावूक नाय. तुमी बगल्याबिगर पुढची उडी मारूची नाय म्हणान!"

दत्ताराम कॅरियरवर बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो एका शाळकरी पोराच्या सायकलवर बसून भर दुपारी वाडीतून चालला होता. पिशवी पोटाशी धरलेली, पाय दोन्ही बाजूंना लोंबकळणारे. माडांखाली जाळी सांधत बसलेल्या त्याच्या भावानं मान वर केली. "अरे दत्ताराम, खंय आग लागली?"

"सोळाव्या खोलयेत!" दत्ताराम ओरडला, आणि भाऊ तोंड उघडं टाकून बघत राहिला.

चढावर सुदेशला रेटवेना तसा दत्ताराम उतरून मागून ढकलू लागला. मग उतारावर पुन्हा बसला. शाळेचं फाटक दिसलं. समोरची पिठाची गिरण घरघरत होती. फाटकातून सायकल आत शिरली आणि गिरणीचा आवाज जड झाला, खाली खाली गेला, आणि थांबला.

दत्ताराम उतरला तशी सुदेशनं सायकल उभी केली नाही, सोडून दिली. ती पडली.

प्रयोगशाळेत पोरं टीव्हीभोवती दाटून उभी होती. टीव्हीचा पडदा काळा होता. वर्षाली कळांपासून वीतभर अंतरावर हात धरून तशीच बसली होती. तिच्या शेजारच्या स्टुलावर प्रभूबाई होत्या. त्यांची साडेबाराची मालवणची गाडी कधीच गेली असणार.

"मी कुलूप लावायला आले होते," बाई म्हणाल्या. "या मुलीनं बंद करू दिलं नाही."

"अण्णानु, दोन मिंटा," वर्षाली म्हणाली. तिनं फ्रॉकच्या बाहीनं डोळे पुसले. "फकत दोन मिंटा आदी इल्लात तर..."

"रडतंस कित्याक गो?" दत्तारामानं पिशवी टेबलावर ठेवली. त्याला धाप लागली होती. "माका सांग. कशी होती?"

मग सगळे एकदम बोलायला लागले. मोठी होती, काळोखी होती, वर चंद्र होता, चंद्र नव्हता ती चावी होती, खाली सगळं पाणीच पाणी. "येकेक करून!" म्हणत सुदेशनं खडू घेतला आणि फळ्यावर चौकट मारली. कोणी फळ्या काढल्या, कोणी पुसून पुन्हा काढल्या. सव्वा तास पोरं त्या खोलीकडे बघत बसली होती, तरी दोघांचं जुळेना.

"शिडी डावीकडे होती," प्रभूबाई म्हणाल्या.

सगळे वळून बघायला लागले. बाई उठल्या, पदर खोचला, चुकीची शिडी पुसली आणि डावीकडे स्वतः काढली, पायऱ्यांसकट. "आणि दार इथे. अगदी वर. घार या फळीवरून त्या फळीपर्यंत. मी मोजलं, दर वेळी आठ आकडे."

दत्ताराम फळ्यासमोर उभा राहिला. शेवटची खोली पंधरावीसारखी नव्हतीच. अवघड वाटत होती, पण वाट होती. तिसऱ्या फळीवर थांबायला हवं, हे त्याला लगेच दिसलं.

"वर्षाली, तू घार हो," तो म्हणाला. "सुदेश, तू चाक."

वर्षालीनं फळ्यावर तळहात टेकवला आणि हात वरच्या फळीवरून सरकवू लागली, जाऊन परत, जाऊन परत. सुदेशची मूठ खालून फिरू लागली. दत्तारामानं खडू शिडीच्या मुळाशी ठेवला, हळूहळू वर नेला, तिसऱ्या फळीवर थांबवला. मूठ खालून गेली. त्यानं खडू हलवला नाही. पोरांनी श्वास धरले होते. बाई पुटपुटत मोजत होत्या, "पाच, सहा, सात..."

वर्षालीचा हात फळीच्या टोकाला गेला आणि वळला.

दत्तारामानं उडी मारली. गिरण बंद होती, म्हणून फळ्यावर घासत गेलेला खडू सगळ्यांना नीट ऐकू आला. एक लांब पांढरी कमान, पाण्यावरून थेट दारापर्यंत.