चिंचोक्याची खळ

मेंढीच्या अंगावरून उतरते तेव्हा लोकर ही लोकर नसतेच. माती असते, गोखरू असतात, रानोमाळ हिंडल्याचा उग्र वास असतो. कयाधूच्या पाण्यात तीनदा बुडवावी, उन्हात पसरावी, बोटांनी एकेक कुसळ वेचावं, तेव्हा कुठं तिला आपलं नाव आठवतं.

भागाबाईनं हे काम जन्मभर केलं. आखाडा बाळापूरपासून कोसभर आत वाडी, वाडीच्या कडेला घर, घरामागं चाळीस काळी मेंढरं. पण अलीकडं घोंगडी कुणी घेईना. कातरलेली लोकर बांधावर फेकायची, आणि ती पावसात कुजताना बघायची. तिचा मुलगा शिवहार त्याला कंटाळला होता.

"गायरान राहिलं न्हाई, लोकर कुणी इचारीना. मेंढरामागं पाय झिजवू काहून?" तो म्हणायचा. "मी वसमतला हळदीच्या कारखान्यात जातो. बाबूसिंगाची गाडी बोलावतो."

बाबूसिंगाची गाडी कुठं जाते, ते वाडीतल्या लेकरालाही ठाऊक होतं. मेंढरं चढलेली दिसायची, परतलेली कधी दिसली नव्हती.

मग भागाबाईची सून राधिका हिंगोलीला आठ दिवस शिकून आली. तिथल्या एका संस्थेच्या शितलताईंनी बायकांना लोकरीपासून स्वेटर विणायचं मऊ सूत करायला शिकवलं होतं. येताना राधिकानं कामही आणलं. तीस स्वेटरांपुरतं सूत, दिवाळीनंतर द्यायचं.

शिवहार ऐकून घेऊन म्हणाला, "ही एक खेप पार पडली तर मेंढरं राहतील. न्हाई पडली, तर मला आडवायचं न्हाई. दोघींनी बी."

दोघींनी मान डोलावली.

कोकरांच्या पहिल्या कातरणीला जावळ म्हणतात, लेकराच्या केसांना म्हणतात तसंच. ते जावळ तेवढं निवडून घेतलं. भागाबाईनं पिंजलं, पेळू वळले, टकळी फिरवली. पण तिचा हात घोंगडीचा, घट्ट पिळाचा. राधिका शेजारी बसून सारखी टोकायची.

"आत्या, ढिलं काता. अंगाला टोचू न्हाई."

"सूत हाय का शेवया? आन टोचत न्हाई ती लोकर कशाची? थंडीला टोचलं तरच ती पळती."

"लोक आता टोचून घेत न्हाईत, आत्या."

"व्हय, ते दिसूनच राहिलं तुह्याकडं बघून."

राधिका हसायची. कातलेले दोन धागे एकत्र घेऊन त्यांना उलटा पीळ द्यायचा, म्हणजे दोन्ही एकमेकांवर निवांत बसतात, गुंता होत नाही. हे भागाबाईला फार आवडलं. "सासू-सुनंवानी," ती म्हणाली. "एकीचं तोंड हिकडं, एकीचं तिकडं, मंग संसार सरळ." आणि टकळीच्या लयीत गुणगुणत राहिली,

काळ्या काळ्या लोकरीचा, बाई, हातामंदी पेळू
लेक गेली सासरला, आता सुतासंगं बोलू

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत ओसरीतल्या बांबूवर लडी वाढत गेल्या. मऊ, काळ्याभोर, मांजराच्या पाठीसारख्या. शिवहारही येता-जाता हात फिरवायचा आणि कुणी पाहिलं की हात मागं घ्यायचा.

भाऊबीज झाली, आणि भावाचं लग्न ठरवायच्या सुपारीसाठी राधिका तीन दिवस माहेरी, हट्ट्याला गेली.

पहिल्या दिवशी भागाबाई लडींकडं नुसती बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिला राहवेना. घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ लावल्याशिवाय ते मागावर चढत नाही. खळ म्हणजे सुताचं बळ. तिच्या आईनं लावली, आजीनं लावली. पोरगी नवी शिकलेली, विसरली असणार. आणि सूत एवढं चांगलं झालेलं. लेकीला नांदायला धाडताना उघड्या अंगानं धाडतं का कुणी?

तिनं चिंचोके भाजले, सालं काढली, जात्यावर भरडले, चुलीवर आटवले. कुंच्यानं एकेक लड माखली, ताणून वाळवली. संध्याकाळी हात चिकट होते आणि मन भरलेलं होतं.

राधिका आली तेव्हा बांबूवर लडी नव्हत्या. काड्या लोंबत होत्या. तिनं एक वाकवून पाहिली, ती कुरकुरली.

"आत्या, काय केलं हे?"

"खळ लावली. तू इसरलीस ना—"

"इसरले न्हाई! याला लावायचीच नसती! हे मागावर न्हाई, सुयांवर जातं. मऊच ठेवायचं होतं!"

भागाबाईनं एक लड बोटांत चुरडून पाहिली. मग म्हणाली, "गार पाण्यात दोन रोज भिजू दे. सुटती खळ. मी बराबर सोडवून देते. तकलीफ घेऊ नको."

दोन रोज भिजवायला, वर वाळायला दोन. आणि शितलताई परवा सकाळी येणार होत्या. एक फोन केला असता तर त्या चार दिवस थांबल्याही असत्या. पण आठ दिवसांच्या वर्गात राधिकाला सगळ्यांपुढं उभं करून त्यांनी शाबासकी दिली होती. सासूनं सुताला खळ फासली, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

सकाळी शिवहार बाळापूरला गेला, भागाबाई मेंढरं घेऊन माळावर गेली. राधिकानं चुलीवर मोठं पातेलं चढवलं.

लोकर कोमट पाण्यात धुवायची, चोळायची नाही. वर्गातला पहिला धडा हाच होता. तिला तो पाठ होता. पण कोमट पाण्यानं खळ सुटेना, म्हणून तिनं जाळ वाढवला. पाणी वाफाळलं. काठीनं ढवळलं, मग दगडावर घेऊन चोळलं. राग हातात उतरला होता. सासूचा राग, उद्याच्या सकाळचा राग, दगड आपटावा तसा ती आपटत गेली. खळ सुटत होती, पांढुरका फेस वाहत होता. तिला वाटलं, जमलं.

मग एक लड सोडवायला गेली तर ती सुटेना. धागा धाग्यात शिरला होता. दुसरी तशीच, तिसरी तशीच. तीन आठवड्यांचं सूत दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखं आवळून त्याचे गोळे झाले होते.

दुपारी मेंढरं घरामागं कोंडून भागाबाई भाकरीला आली. राधिका दगडाजवळ बसलेली. म्हातारीनं एक गोळा उचलला, दाबला, हुंगला. मग पातेल्यात बोट घातलं आणि झटक्यानं बाहेर काढलं.

लोकरीत जन्म गेलेल्या बाईला आणखी काय सांगायला लागतं? तिनं सुनेकडं पाहिलं. राधिकानं मान खाली घातली.

वाटेवर मोटारसायकल वाजली. भागाबाईनं पातेलं उचललं, सगळं पाणी उकिरड्यावर ओतलं आणि शिवहार अंगणात यायच्या आत ते पालथं घातलं.

"काय झालं?" त्यानं गोळे पाहिले.

"माह्या हातानं झालं," भागाबाई म्हणाली. "खळ लावली मी. सूत वाया गेलं."

शिवहार ओरडला नाही, तेच वाईट. "तुला कुणी सांगितलं होतं, माय?" एवढंच बोलला. राधिकानं तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं.

शितलताई येऊन, हळहळून, रिकाम्या हातानं गेल्या. बाबूसिंगाची गाडी चार दिवसांनी आली. मेंढरं चढेनात, तर भागाबाईच पुढं होऊन एकेकीला नावानं हाक मारत राहिली. तिच्या हाकेला ती चढली. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारची शिला पाण्याला जाताना थबकली. "राधे, येवढं सूत केलं होतं, गं. वाया कसं गेलं?"

भागाबाई ओसरीत बसून होती. राधिकानं एकदा तिच्याकडं पाहिलं.

"आत्यानं खळ लावली ना," ती म्हणाली.

"अगं बया! म्हाताऱ्या माणसाला काही समजतं का?"

"न्हाई समजत, बाई," भागाबाईनं मान हलवली. "जुनी खोड."

शिला हसून पुढं गेली. राधिकानं हातातली घागर खाली ठेवली. तिला रडू यायला हवं होतं, आलं नाही.

"आत्या..."

"असंच सांगत जा," भागाबाई हळू आवाजात म्हणाली. "पाण्याचं नाव काढू नको. मी आज हाय, उद्या न्हाई. तुला शिवहारासंगं नांदायचं हाय."

राधिकानं घागर उचलली आणि ती शिलाच्या मागोमाग गेली. आडावर आणखी चारजणी होत्या. त्यांनीही तेच विचारलं. तिनंही तेच सांगितलं; या वेळी तिला सासूकडं बघावं लागलं नाही.