देवरहाटीतलं चार महिन्यांचं पाणी

मी एक जुना निवर आहे, मित्रांनो. निवर म्हणजे काय, असं तुमच्यातले बरेच जण विचारणार, हे मला ठाऊक आहे. आंबा-काजूला सगळे ओळखतात, आमची मात्र ओळख करून द्यावी लागते. तर मी पाण्यातलं झाड. उन्हाळा संपताना माझ्या फांद्यांना लाल फुलांच्या लांब माळा लोंबतात आणि सकाळी खाली त्यांचा सडा पडलेला असतो. राजापूर तालुक्यात, कातळाचा सडा, म्हणजे वरचं उघडं पठार, उतरून वाडीकडे येताना मध्ये एक मोठी खोलगट जागा लागते. तिथे वाघजाईच्या नावाने राखलेलं रान आहे. त्याला गावात देवरहाटी म्हणतात. मी तिथला. किती वर्षांचा, हे मोजायचा आता कंटाळा येतो.

आमची रहाटी इतर रानांसारखी नाही. पावसाळ्यात वरच्या कातळावरचं सगळं पाणी इथे उतरतं आणि दसऱ्यापर्यंत मुक्काम ठोकतं. कंबरभर पाणी, तेही डोंगराच्या अंगावर! उरलेले आठ महिने इथे पायाला चिखल लागत नाही. चार महिने बुडायचं आणि आठ महिने कोरडं राहायचं, हे ज्याला जमतं तोच इथे टिकतो.

सर्वांत खोल जागी आम्ही निवर आणि पाणजांभळी. आमच्या मागे कळंब, मग केवडा आणि वेताची जाळी. पाणी कधी पोचतच नाही अशा काठावर किंजळ आणि ऐन. किंजळीला चार महिने पाण्यात उभं केलं तर ती मान टाकेल, आणि मला चार महिने पाणी मिळालं नाही तर मी टाकेन. कोणी कुठे उभं राहायचं हे पाण्याने ठरवून दिलेलं आहे. गावात पालखीपुढे कोणाचा मान यावरून दर शिमग्याला दोन घरांची तोंडं फिरतात. आमच्यात इतक्या वर्षांत एकदाही वाद झाला नाही.

माझा जन्मही त्या पाण्यामुळेच झाला. आमची फळं पाण्यात पडतात, तरंगत फिरतात आणि पाणी ओसरू लागलं की कुठेतरी चिखलात टेकतात. तिथेच रुजतात. मी असाच एका केवड्याच्या मुळांत अडकलो आणि राहिलो. पुढे मोठा झालो, सावली दिली, खंड्याला बसायला फांदी दिली. मुळांनी माती धरून ठेवली, म्हणून पाणी सावकाश जमिनीत मुरलं आणि खाली वाडीच्या विहिरीत उतरलं. एकदा चिपळूणहून एक शिक्षिका आल्या होत्या. माझ्या बुंध्याला टेप लावून त्या "वा!" म्हणाल्या. मला ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू?

रहाटीचा नियम कडक. इथलं वाळलेलं पानही कोणी घरी नेत नाही. काही करायचंच झालं तर धाकू गुरव देवीला कौल लावतो, म्हणजे मूर्तीला फूल चिकटवून प्रश्न विचारतो. फूल उजवीकडे पडलं तर होकार. पूजेचा मान काशीरामचा. दर मंगळवारी तो यायचा, आणि पावसाळ्यात तर डोक्यावर नैवेद्याचं ताट घेऊन कंबरभर पाण्यातून देवीच्या पायरीपर्यंत जायचा. त्याची चाहूल मला पाण्यातूनच कळायची.

सहा वर्षांपूर्वी श्रावणात तो पाण्याखालच्या दगडावरून घसरला. मांडीचं हाड मोडलं. त्याचा मुलगा सागर मुंबईत नोकरीला असतो, तो धावत आला. बापाचा पाय अधू झाला तो झालाच. पण त्याहून सागरला एक गोष्ट बघवेना. दर मंगळवारी काशीराम पडवीत बसून रहाटीकडे बघत राही आणि जेवत नसे.

मग सागरने मुंबईकर मंडळाला गोळा केलं. पाणी काढून दिलं तर बाबा पुन्हा चालत देवीपर्यंत जातील, असा त्याचा विचार. सगळे होय म्हणाले. पण नियम मोडायला कोणीच तयार नव्हतं, म्हणून कौल लावला. "पानाफुलाला धक्का न लावता देवीची वाट मोकळी केली, तर चालंल काय?" असं धाकूने विचारलं. फूल उजवीकडे पडलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

मित्रांनो, त्यांनी शब्द पाळला. खोलगट जागेच्या कडेला जेसीबीने जांभा फोडून चर काढला, पण एका पानाला हात लावला नाही. वाटेत आलेली वेताची एक काडी सागरने स्वतः दोरीने बांधून बाजूला केली. आणि पुढच्या पावसात आमचं चार महिन्यांचं पाणी एकेका दिवसात वाहून जाऊ लागलं. आमच्याबद्दल सगळं विचारलं होतं, पाण्याबद्दल कोणी काही विचारलंच नव्हतं. त्यांचा राग तरी कसा करू? काशीराम काठी टेकत कोरड्या वाटेने आला, तेव्हा देवीसमोर लहान मुलासारखा रडला.

पण आम्ही हळूहळू सुकत चाललो. आधी वेत पिवळा पडला. मग मधला कळंब शेंड्याकडून वाळला. जिथे पाणी उभं असायचं तिथे रानमोडीचं तण माजलं. माझी फळं बुडाशीच पडायची आणि तिथेच किडायची, त्यांना कुठे नेणारं कोणी उरलं नव्हतं. पाच पावसाळ्यांत या रहाटीत निवराचं एकही रोप उगवलं नाही. माझाही शेंडा गेला. झाडाला थकवा येतो का, असं तुम्हाला वाटेल. येतो, मित्रांनो. पाऊस पडताना तहानलेलं राहायचं, याने फार थकवा येतो.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते हौसाच्या. हौसा म्हणजे काशीरामची बायको. वाडीची विहीर पूर्वी पाऊस लागेपर्यंत पुरायची, ती आता शिमग्यातच तळ दाखवत होती. गेल्या भादव्यात ती देवीला ओटी घेऊन आली. चरातून धो धो वाहणारं पाणी तिने पाहिलं. मग माझ्या वाळक्या शेंड्याकडे पाहिलं. ओटी तशीच हातात धरून ती किती तरी वेळ उभी होती.

यंदा शिमग्याला मुंबईकर आले. देवीसमोर सगळी जमली तेव्हा हौसा उठली. कौलाच्या जागी बायका सहसा बोलत नाहीत.

"झाडांचा इचारलात, पान्याचा कोनी इचारलान काय?" ती म्हणाली. "ह्यो चर बुजवा. इहीर मेली, आता रहाटी मरतेय."

सागरचं तोंड उतरलं. "आये, बाबांसाठी केलंय ते. बुजवला तर पावसाळ्यात बाबा इथे येणार कसे?"

धाकू गुरवाने फूल हातात घेतलं. "काय इचारू?"

"काय नको इचारूस," काशीराम म्हणाला. "देवीनं कवा सांगितलान पानी काडा म्हनून? चूक माज्या पायाची हाय. बुजवा चर."

"मग साकव घालू," सागर म्हणाला. "पाण्यावरून जाल."

"तिच्या पान्यातना जायाचा आसतो, वरना नाय."

"मग मी नेतो खांद्यावर."

काशीराम हसला. "खांद्यावरना जायाचा त्ये येकदाच. आनि त्ये हितं नाय."

वैशाखात सागर रजा काढून आला. त्याने आणि वाडीतल्या माणसांनी जांभ्याचे चिरे आणि चिकणमाती भरून चर बुजवला. शेवटचा चिरा बसवताना त्याचे डोळे भरून आले होते. ज्या वाटेने बाप देवीपर्यंत जात होता ती वाट तो स्वतःच्या हाताने बुडवत होता.

यंदा पाणी राहिलं. माझ्या कमरेला पाणी लागलं तेव्हा मला काय वाटलं, ते मला नीट सांगता येणार नाही. शेंडा काही परत हिरवा होणार नाही. वाळलं ते वाळलं. थोडीच फळं धरली, पण ती पाण्यात पडली आणि तरंगत गेली.

आता नैवेद्याचं ताट धाकू नेतो. काशीराम दर मंगळवारी हौसाचा हात धरून येतो आणि पाण्याच्या काठाला एका चिऱ्यावर बसतो. तिथून झाडांच्या फटीतून देवीची पायरी तेवढी दिसते. तिलाच हात जोडून तो परत जातो.

दसऱ्याच्या आदल्या मंगळवारी पाणी ओसरू लागलं होतं. काशीराम बसणार, एवढ्यात हौसा म्हणाली, "पाय सांबाळा!" चिऱ्याला अगदी लागून चिखलात माझं एक फळ टेकलं होतं आणि त्यातून दोन तांबूस पानं वर आली होती. काशीराम वाकून ती बघत राहिला. मग त्याने हौसाच्या मदतीने तो चिरा चांगला दोन हात मागे ओढला आणि त्यावर बसला. तिथून पायरी दिसत नाही. केवडा आड येतो. त्याने त्या केवड्यालाच हात जोडले.

मित्रांनो, माझे फार दिवस उरलेले नाहीत, म्हणून एवढंच मागतो. कोणाचं भलं करायला निघालात, तर तो कशावर जगतो हे आधी विचारा. आणि कधी आमच्या रहाटीत आलात, तर काशीरामच्या पुढे बसू नका.