घरटं हलवायचा रविवार

"गप्प बस, वस्तरा गळ्यावर आहे," मी किपरला म्हणालो.

"गळा कापलास तरी बोलणार," तो फेसातून म्हणाला. "म्हणे गरुड! आयुष्यात गरुड पाहिलाय का कुणी या गावात? मी तर कॅलेंडरावरसुद्धा पाहिला नाही."

किपर म्हणजे आमच्या क्लबचा जुना गोलकीपर. खेळ सुटला, पोट सुटलं, केस गेले, पण नाव तेवढं चिकटून राहिलं. बाकावर मास्तर बसले होते. त्यांची दाढी सकाळीच झाली होती, तरी ते उठत नव्हते. आणि दारात, आत येऊ की नको असं करत, ढोल्या उभा होता. तो माझा मेहुणा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. क्लबचा ढोल तोच वाजवतो.

माझं सलून मैदानाच्या जुन्या गॅलरीला पाठ लावून आहे. मॅच असली की माझ्या आरशांना कंप सुटतो. त्यामुळे फुटबॉलचं सगळं भांडण आधी माझ्याकडं येतं आणि मग गावात जातं.

आठवड्यापूर्वी नव्या मालकानं पेपरात दिलं होतं. पुढच्या सीझनपासून क्लबचं 'कावळे' हे नाव जाणार आणि 'गरुड' येणार. शिवाय जुनी गॅलरी धोक्याची झाली आहे, ती पाडून नवी बांधणार. दोन्ही बातम्या एकाच दिवशी, एकाखाली एक छापून आल्या. त्यामुळं लोकांच्या डोक्यात त्यांची गाठ बसली ती बसलीच.

"कावळे हे नाव आपण घेतलेलं नाही, आपल्याला दिलेलं आहे," मास्तर म्हणाले. "कोळशाच्या वखारीतल्या हमालांनी ही टीम काढली. अंघोळ न करता थेट मैदानावर. समोरचे ओरडले, कावळे आले, कावळे आले. यांनी पुढच्या मॅचला काळे शर्टच शिवले."

"खोटं," किपर म्हणाला. "माझे वडील सांगायचे, एका रेफरीच्या टकलावर कावळ्यानं चोच मारली. पेनल्टी आपल्या विरुद्ध दिली होती ना, म्हणून."

"तुझे वडील तुझ्यासारखेच होते."

"म्हणजे?"

"उंच चेंडू आला की डोळे मिटायचे."

सगळे हसले. ढोल्या हसला नाही.

"हसा," तो म्हणाला. "रविवारी शेवटची मॅच. मालक समोरच्या खुर्चीत बसणार. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, त्या दिवशी कुणीही दुसरीकडं बसायचं नाही. अख्खं गाव जुन्या गॅलरीत. आणि घरटं असं हलवायचं की त्याच्या कानाचे पडदे फाटले पाहिजेत."

घरटं हलवणं ही आमची जुनी रीत. टीम बाहेर आली की गॅलरीतले सगळे उभे राहतात. ढोलाच्या ठोक्याला एकदम पाय आपटतात आणि काव काव करतात. फळ्या उसळतात, छपराचे पत्रे थरथरतात. पूर्वी छपराखालचे खरे कावळे उडायचे आणि मैदानावर एक फेरी मारून परत यायचे. लोक त्याला शकुन मानत.

"पण कावळे राहिलेत कुठं?" मी विचारलं.

किपरनं आरशातून माझ्याकडं पाहिलं.

"गेले ते," मी म्हणालो. "एकही घरटं चालू नाही."

"जाणारच," ढोल्या म्हणाला. "त्यांनाही कळलं, आपलं नाव काढतायत. जनावराला कळतं."

"ते आधी गेलेत. पेपरात यायच्या आधी." मी वस्तरा पुसला. "आणि तिसऱ्या खांबापाशी गंजाची पूड पडते. खूप पडते. तुझ्या ताईनं..."

"दाजी." ढोल्यानं मला मध्येच तोडलं. त्याचा आवाज बदलला होता. "गॅलरी धोक्याची आहे असं कोण म्हणतं ठाऊक आहे ना? मालक म्हणतो. ती त्याची भाषा आहे. तुमच्या तोंडी शोभत नाही."

मी किपरच्या गालावर तुरटी फिरवली. त्याला झोंबली असणार, त्यानं डोळे मिटून घेतले.

माझी बायको जुनी गॅलरी झाडायची. मॅच संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी ती झाडू घेऊन जायची आणि दुपारी पावाचे तुकडे तिथंच कावळ्यांना टाकून घरी यायची. मॅचला आम्ही दोघं तिसऱ्या खांबाखाली बसायचो. लग्न झाल्यापासूनची जागा. तिच्या शेवटच्या सीझनला ती अचानक म्हणाली, "आपण तिकडं टोकाला बसू. इथं डोक्यात पूड पडते."

"न्हाव्याच्या बायकोला डोक्याची काळजी," मी म्हणालो.

"चेष्टा नका करू. कावळेसुद्धा तिकडं सरकलेत. दर मॅचनंतर झाडते मी. आधी चिमूटभर पडायची, आता सूप भरतं."

आम्ही टोकाला जाऊन बसलो. मग तिचं दुखणं निघालं आणि गॅलरीचा विषय राहून गेला. ती गेली त्या दिवशी अख्खी गॅलरी माझ्या दारात उभी होती. एक कावळा मेला की शंभर जमतात म्हणतात, तसे. मला त्यातला एकही चेहरा आठवत नाही, फक्त काळे शर्ट आठवतात. तिच्या जागी क्लबनं दुसरं कुणी ठेवलं नाही.

ढोल्यानं मला तोडलं त्या दिवशी दुकान बंद करून मी गॅलरीत गेलो. ऊन होतं. वर मधल्या रांगेत गेलो आणि उभा राहिलो. इतक्या वर्षांत तिथं मी कधी एकटा नव्हतो. फळ्यांवर तांबूस थर होता, बोटानं रेघ ओढता येईल इतका. तिसऱ्या खांबाखाली एक रिकामं घरटं पडलं होतं, काड्या आणि तारा. त्याच्याशेजारी एक नट पडला होता. लिंबाएवढा, गंजून फुगलेला. मी वर पाहिलं. आडव्या लोखंडाचा जिथं खांबाशी जोड होता तिथं एक भोक दिसलं आणि त्यातून आकाश दिसलं.

वारा नव्हता. तरी वर कुठंतरी बारीक आवाज झाला. रात्री म्हातारा माणूस कूस बदलतो तसा. मी श्वास धरून उभा राहिलो. पुन्हा झाला नाही.

नट खिशात टाकून मी क्लबच्या ऑफिसात गेलो. मॅनेजर तरुण होता, वागायला चांगला. त्यानं नट हातात घेऊन पाहिला आणि टेबलावर ठेवला.

"काका, आम्ही तेच तर सांगतोय. सीझन संपला की पाडतोय."

"रविवारी काय?"

"रविवारी बंद केली तर तुमचेच लोक गेट तोडतील. मोर्चा आणला होता त्यांनी. गॅलरी भक्कम आहे, हात लावाल तर बघा, असं सांगून गेले. मालक म्हणाले, एक मॅच आहे, जाऊ दे." त्यानं नट माझ्याकडं सरकवला. "मोर्च्याच्या पुढं तुमचे मेहुणेच होते."

दोघांनाही गॅलरी शाबूत दाखवायची होती, मेहुण्याला नावासाठी आणि मालकाला रविवारपुरती. मी नट उचलला आणि बाहेर पडलो.

गावात मी चार-पाच जणांना सांगून पाहिलं. किपर म्हणाला, "बाबा रे, तू दुःखात आहेस." मास्तर म्हणाले, "वेळ चुकीची आहे. आत्ता हे बोलणं म्हणजे मालकाच्या हातात कोलीत." एकानं तर दुकानासमोरून जाताना हाक मारली, "काय गरुडशेठ?" त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं कमी आली.

शनिवारी संध्याकाळी मी ढोल्याला जेवायला बोलावलं. मला स्वयंपाक जेमतेम येतो. भात थोडा लागला होता. त्यानं तो सगळा खाल्ला. जेवण झाल्यावर मी नट त्याच्यापुढं ठेवला.

त्यानं तो उलटासुलटा केला. "हा मालकानंच काढून टाकला असेल. भीती घालायला."

"गंज बघ त्याचा."

"दाजी, नाही ऐकायचं मला. तुम्ही उद्या येऊ नका हवं तर."

"मी येणार. तिसऱ्या खांबाखाली बसणार."

खुंटीवर माझ्या बायकोची निळी शाल अजून होती. त्याची नजर तिच्यावर गेली आणि लगेच दुसरीकडं वळली. ताईनं त्याला लहानपणी कडेवर घेऊन मॅच दाखवल्या होत्या. पहिला ढोल तिनंच आणून दिला होता.

"एक मागायचंय," मी म्हणालो. "ती गेल्यावर क्लबनं तिच्यासाठी काही केलं नाही. खेळाडू मेला की दोन मिनिटं शांतता पाळतात. झाडणारीसाठी कोण पाळतं? उद्या टीम बाहेर येईल तेव्हा पाय वाजवू नका. दोन मिनिटं उभं राहायचं, हलायचं नाही, श्वाससुद्धा जपून. तिच्यासाठी. त्यानंतर तू काय वाजवायचं ते वाजव."

ढोल्यानं मान खाली घातली. नट त्याच्या मुठीत होता. मग म्हणाला, "हे तुम्ही गॅलरीसाठी मागताय का ताईसाठी?"

"दोन्हीसाठी," मी म्हणालो. "ती वेगळं करत नव्हती, मी कशाला करू?"

त्यानं बाहीनं डोळे पुसले. "दोन मिनिटं. जास्त नाही."

रविवारी ऊन धुरकट होतं. गॅलरी अशी भरली होती की पायऱ्यांवरही माणसं बसली होती. मी शाल घेऊन गेलो होतो. तिसऱ्या खांबाखाली आमच्या जुन्या जागेवर मी बसलो आणि शेजारी तिच्या जागेवर शाल घडी करून ठेवली. एवढ्या गर्दीत ती जागा कुणी मागितली नाही. किपर माझ्या मागच्या रांगेत होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात उचलला तेव्हा त्यानं बोटं पाहिली आणि पँटला पुसली.

समोर मालक आला. लोकांनी शिव्या घातल्या. मग टीम बाहेर आली.

गॅलरी उभी राहिली. माणसं उभी राहताना पायांचा नुसता घसटल्यासारखा आवाज झाला, तरी माझ्या तळव्यांखालची फळी दबल्यासारखी वाटली. हजारभर पाय ठोक्याची वाट बघत होते. खाली कठड्यापाशी ढोल्या ढोल गळ्यात घालून वळला. त्यानं दोन्ही काठ्या वर धरल्या.

"आज घरटं हलवायचं नाही," तो ओरडला. "आधी दोन मिनिटं ताईसाठी. जिनं तुमच्या टरफलांची घाण वर्षानुवर्षं काढली, तिच्यासाठी. कुणी खोकला तरी मी खपवून घेणार नाही."

मागून कुणीतरी कुजबुजलं, मग तेही थांबलं. शेवटचं पोर गप्प झालं. त्या गॅलरीत एवढी माणसं असताना शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. समोरच्या स्टँडमधलं, पाहुण्या टीमच्या लोकांचं हसणं ऐकू येत होतं. मैदानावर कुणाच्या तरी बुटाखाली गवत घासलं, तेही ऐकू आलं.

आणि मग छपराचा आवाज आला.

आधी बारीक, कुणी दूरवर दार उघडतंय असा. मग लांबत गेला, आमच्या डोक्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडं सरकत गेला, आणि तिसऱ्या खांबापाशी येऊन थांबला. खट्. माझ्या मानेवर काहीतरी भुरभुरलं.

कुणी हललं नाही. सगळ्यांनी एकदमच वर पाहिलं असावं, कारण ढोल्याच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं. त्याच्या काठ्या अजून वरच होत्या. त्यानं त्या हळूच खाली घेतल्या, एकमेकींना न लागू देता कमरेला खोचल्या, आणि गळ्यातला ढोल काढून छातीशी धरला, झोपलेलं मूल धरावं तसा.

"खालच्या रांगा आधी," तो म्हणाला. ओरडला नाही, पण शेवटच्या माणसापर्यंत गेलं. "हळू. पळायचं नाही. पाय वाजवायचा नाही कुणी."

गॅलरी उतरू लागली. म्हाताऱ्यांना हात धरून, लहानांना कडेवर घेऊन, काहींनी चपला हातात घेतल्या. मास्तर दर पायरीवर थांबून पुढच्याला वाट देत होते. वर पुन्हा आवाज झाला तेव्हा माझ्यापुढच्या बाईनं तोंडावर हात दाबून धरला, पण पाऊल तेवढंच हळू टाकलं.

समोरच्या स्टँडमधल्या लोकांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, आम्ही मॅच सोडून चाललो. ते नाचायला लागले. "कावळे उडाले! कावळे उडाले!"

त्या दिवशी कुणी उलटून उत्तर दिलं नाही.

मी आणि किपर सगळ्यात शेवटी उतरलो. गवतावर पाय टेकल्यावर तो तिथंच बसला. रेफरी शिट्टी न वाजवता मैदानाच्या मधोमध उभा होता. सगळं गाव काळे शर्ट घालून, मान वर करून, रिकाम्या गॅलरीकडं बघत होतं.

ढोल्या माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"दाजी, शाल राहिली."

"बघितलं."

"आणतो मी. दोन उड्यांत आणतो."

मी त्याचं मनगट धरलं. ते थंडगार होतं.

"राहू दे."

"ताईची आहे."

"तिची जागा आहे ती. तिला बसू दे."

त्यानं हात सोडवून घेतला नाही. वर, तिसऱ्या खांबाखाली, एवढ्या फळ्यांमध्ये ती एकच निळी घडी दिसत होती. तिच्यावर वरून तांबूस पूड पडत होती, न थांबता, आणि झाडायला तिथं कुणी नव्हतं.