वाऱ्याची वाटणी

“वहिनी, टेपचं टोक जरा धरता का?”

तिने वाकायचे कष्ट घेतले नाहीत. टोक चपलेखाली दाबून उभी राहिली. दीर टेप ओढत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेला, कानामागची पेन्सिल काढून त्याने तळहातावरच आकडे लिहिले आणि मग आजारी भावाच्या खिडकीपाशी येऊन तो उगाच रेंगाळला.

“दादाची झोप अजून तशीच आहे का? सावध?”

“का?”

“सहज विचारलं.”

सहज कोणी काही विचारत नाही, हे ती कोर्टातल्या कारकुनीत शिकली होती. झोपलेल्या माणसाचा अंगठा कागदावर उमटवून घेतल्याची प्रकरणं तिच्या हाताखालून गेली होती, आणि उमटवून घेणारे बहुतेक वेळा सख्खेच असायचे.

वाटणी झाली, एका घराची दोन घरं झाली, तेव्हापासून दिराने या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. रस्त्यात समोरासमोर आले तरी दोघे भाऊ आपापल्या चपला बघत पुढे जायचे. दीर जहाजावर फिटर होता. नोकरी संपल्यावर परत आला आणि भिंतीपलीकडे एकटाच राहू लागला. इकडे तिच्या नवऱ्याची फुप्फुसं थकत गेली आणि श्वासाचं मशीन घरात आलं. उघड्या माळावरची वस्ती. वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नाही. मग ऑक्सिजनचा सिलिंडर जोडायचा, आणि तो सरत आला की नवऱ्याच्या ओठांच्या रंगाकडे बघत बसायचं. अशाच एका दुपारी दीर दारात येऊन उभा राहिला होता. “एवढा वारा फुकट जातोय,” तो म्हणाला होता. “छोटी पवनचक्की बसवू. दादाच्या मशीनपुरती.” आणि नवऱ्याने तिला एका शब्दानेही न विचारता मान हलवली होती.

टेप गुंडाळत दीर म्हणाला, “खांब माझ्या बाजूला उभा करतो.”

“इकडे मोकळं अंगण पडलंय की.”

“तिकडे बरं पडेल.”

“कोणाला?”

त्याने टेप खिशात घातली. “वारा तिकडेही तोच आहे, वहिनी.”

पुढचे काही दिवस पलीकडून ड्रिलचा, हातोड्याचा, लोखंड घासल्याचा आवाज येत राहिला. ती कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गच्चीवर जायची आणि एकच चादर चारदा झटकायची. दिराने खांब स्वतःच्या झोपायच्या खोलीच्या पलीकडच्या भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी आवळला. ओळखीच्या दोघांना बोलावून पाती वर चढवली. बॅटऱ्या स्वतःच्या पडवीत मांडल्या. तिथून एक काळी केबल भिंतीवरून इकडे आली आणि मशीनच्या प्लगपाशी संपली.

“म्हणजे खांब त्यांचा, बॅटऱ्या त्यांच्या, बटण त्यांच्या हातात,” ती नवऱ्याला म्हणाली. “आपल्याकडे काय? नुसतं वायरीचं शेपूट.”

नवरा उशीला टेकून हसला. हसताना त्याला धाप लागली. “कोर्टाने तुला सोडलं गं,” तो थांबत थांबत म्हणाला, “तू काही कोर्टाला सोडत नाहीस.”

“हसा. उद्या त्यांचा पंखा, त्यांचा टीव्ही, त्यांचे सगळे दिवे त्यावर चालतील, आणि उरलंसुरलं तुमच्या नाकात.”

चक्की फिरू लागली. वीज दोनदा गेली आणि दोन्ही वेळा मशीन पापणी लवल्यासारखं जरासं चाचरून पुन्हा चालू झालं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर तरतरी आली. तिच्या मनातली अढी मात्र सुटेना. कोर्टातही गोड बोलणारे पहिल्या तारखेला कधीच काही मागत नाहीत.

तिसऱ्यांदा वीज गेली ती दिवेलागणीच्या सुमारास. मशीन चालू आहे हे बघून तिने पदर खोचला आणि रस्त्यावरून वळसा घालून पलीकडचं फाटक गाठलं. चोर मुद्देमालासह पकडावा, तसं तिला त्याला पकडायचं होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत काळोख. पंखा बंद. दीर टॉर्च घेऊन बाहेर आला, त्याच्या बनियनवर घामाचे डाग होते.

“काय झालं? दादा…?”

“बरे आहेत. दिवा का नाही लावलात?”

“काय?”

ती पुन्हा म्हणाली, यावेळी मोठ्याने. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण ओरडतोय. चक्कीच्या घरघरीने सगळं घर घुमत होतं. आवाज कर्कश नव्हता, पण थांबत नव्हता. भिंतीतून दाढेत उतरत होता. झोपायच्या खोलीच्या खिडकीची काच चौकटीत थरथरत होती. कोनाड्यातला स्टीलचा पेला सरकत सरकत अगदी कडेला आला होता. दिराने सवयीने तो मागे ढकलला.

“वारा पडला तर बॅटरी पुरायला हवी,” तो म्हणाला. “मला काय, टॉर्च आहे.”

तिने खोलीत डोकावून पाहिलं. पलंग उघडा होता, गादी नव्हती. गादी स्वयंपाकघरात दिसली, ओट्याखाली, गॅसच्या सिलिंडरला खेटून. उशीपाशी कापसाचे दोन बोळे.

“इथे झोपता?”

“गार असतं.”

ओट्याखाली किती गार असतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती मागे फिरून खोलीत गेली. खांब आवळलेल्या भिंतीवर तिने तळहात ठेवला, आणि मुंग्या आल्यासारखा झटकन काढून घेतला.

“दादाला सांगू नका,” दीर म्हणाला. “उखडायला लावेल. हट्टी आहे तो.”

“आणि तुम्ही?”

त्याला बहुतेक ऐकू गेलं नाही.

ती घरी आली तेव्हा इकडे फक्त मशीनचा श्वास ऐकू येत होता. नवऱ्याचा डोळा लागला होता. ती त्याच्या खिडकीपाशी कान देऊन उभी राहिली. चक्की फिरत होती, पण इथवर तिची कुजबुजसुद्धा येत नव्हती.

सकाळी बाहेरच्या खोलीत धडाधड आवाज होऊ लागले. जुन्या पेट्या सरकवल्या गेल्या, जळमटं निघाली, माळ्यावरची जास्तीची गादी खाली आली आणि तिला काठीने झोडपून उन्हात टाकली गेली.

“कोण येणार आहे?” नवऱ्याने आतून विचारलं.

“रात्रीपुरते येतील,” ती म्हणाली. “जेवायचं काय ते नंतर बघू.”

तिने उशीला धुतलेला अभ्रा चढवला, पाण्याचा तांब्या भरून ठेवला. मग आत जाऊन घराच्या कागदांचं कपाट बंद केलं, किल्ली दोनदा फिरवून पाहिली आणि ती कमरेला खोचून भावजींना बोलवायला निघाली.