वाटणीत आलेल्या गोळ्या

बंदूक काही दोघांत वाटता येत नाही. वडील गेल्यावर परबांच्या घराचे, कलमांचे, अगदी तांब्या-पितळेच्या भांड्यांचेही दोन भाग झाले आणि शेवटी ओसरीवर ती ठासणीची बंदूक तेवढी उरली. शेतीरक्षणाचा परवाना थोरल्या धोंडूच्या नावावर, म्हणून बंदूक त्याची. त्यावर वाद नव्हताच. पण धोंडू म्हणाला, "बंदूक माझी, शिसां तुझां. डुकर इलो काय तुका येवक होयाच!" आणि डुक्कर आलं की भावाला गावी यावंच लागावं म्हणून शिशाच्या बावीस गोळ्या त्याने धाकट्या श्यामसुंदरच्या पंच्यात बांधून दिल्या. पोलिसांना हे कळलं असतं तर दोघांची वरात निघाली असती. पण भावाभावांच्या वाटण्या कोण कायद्याला विचारून करतं?

त्या गोळ्या दोघांनी मिळून ओतल्या होत्या. श्यामसुंदर तेव्हा पार्ल्याच्या एका छापखान्यात कंपोझिटर होता. छापखाना ऑफसेटवर गेला तसे मालकाने अक्षरांचे झिजलेले शिशाचे खिळे त्याला देऊन टाकले. मे महिन्यात गावी घरामागच्या परड्यात चूल मांडून भावांनी ते वितळवले. पळीत 'क्ष' आणि 'ज्ञ' विरघळताना पाहून धोंडू पोट धरून हसला होता. "एवढां शिकलेलां शिसां डुकराक लागतलां काय रे?"

वाटणीनंतर मुलुंडच्या घरी परतल्यावर श्यामसुंदरने गोळ्यांसाठी ओळखीच्या सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली. आत मखमल, झाकण असं घट्ट की मुंगी शिरायची नाही. दर खंडेनवमीला तो पेटीला हळद-कुंकू वाहायचा, झेंडूचं फूल ठेवायचा. पेटी उघडायचा मात्र नाही. देव्हाऱ्यातल्या देवाला कोणी उचकटून बघतं का?

आणि दर नवरात्रात धोंडूचा फोन यायचा. "डुकरांनी वाट लावली रे भाताची. शिसां घेवन ये." श्यामसुंदर म्हणायचा, "मे महिन्यात बघतो." आधी बायकोचं आजारपण होतं, मग गुडघे, आणि मग खरं सांगायचं तर नुसती न जाण्याची सवय. अशी अकरा वर्षं गेली. गाव रोज आठवायचं. संध्याकाळी गॅलरीत बसलं की परड्यातल्या चुलीचा धूर आठवायचा. पण आठवणीला तिकीट लागत नाही, तिथेच सगळं अडायचं.

यंदा धोंडूचा आवाज खोल गेला होता. "ह्या वर्सा तरी ये रे," एवढंच म्हणाला. श्यामसुंदर रात्रभर तळमळला आणि सकाळी मुलीला, अस्मिताला, दसऱ्यानंतरचं तिकीट काढायला लावलं. गावच्या घरातला त्याच्या वाटणीचा खण केव्हाच कोसळला होता. आता त्या घरात आपलं म्हणून सांगायला या गोळ्याच होत्या. त्या हातात असल्या तर तो बोलावलेला माणूस, नसल्या तर पाहुणा, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी गोळ्यांना तेलाचा हात द्यावा म्हणून त्याने पहिल्यांदाच पेटी उघडली. मखमलीवर पांढरी भुकटी साचली होती. गोळ्या फुगल्या होत्या, खडबडीत झाल्या होत्या. एक उचलली तर बोटांतच तिचे पापुद्रे सुटले.

"बाबा, फुंकू नका! विषारी असतं ते!" अस्मिता ओरडली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिने हातमोजे घातले, ओल्या फडक्याने भुकटी टिपली आणि बापाचे हात साबणाने धुवायला लावले. मग समजावलं, "लाकडातून आंबूस वाफ सुटते. पेटी बंद, वाफेला वाट नाही, वर आपली दमट हवा. ती वाफ शिशाला खात बसली. साध्या पत्र्याच्या डब्यात, तेल लावून ठेवल्या असत्या ना, तर तुमच्या नातवंडांनाही पुरल्या असत्या."

"गावी तशाच असायच्या," श्यामसुंदर म्हणाला. "मीच शहाणा."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "तिकीट रद्द कर." अस्मिताने समजूत घालायचा प्रयत्न केला, पण तो ऐकेना. कोणत्या तोंडाने जायचं? निदान दादाला खरं सांगावं म्हणून त्याने फोन लावला.

"दादा, शिसां गेलां रे सगळां. माझ्याच हातान वाट लागली."

धोंडू म्हणाला, "जावंदे. बंदूक पोलिसांत जमा करून सहा वर्सां झाली. डोळ्यांक दिसणा नाय माका."

"मगे दर वर्सा शिसां कित्याक मागी होतंस?"

"आणि काय मागू? नुसतो ये म्हटलां तर तू येय नाय होतंस."

एकाहत्तर वर्षांचा श्यामसुंदर मुलीसमोर लहान पोरासारखा रडला. सहा वर्षं भाऊ अंधारात बसून, नसलेल्या बंदुकीसाठी गोळ्या मागत होता, आणि आपण इथे पेटीला फुलं वाहत बसलो.

"श्यामा, असंस मां?" धोंडूने विचारलं. "ये रे. दिसणा नाय, पण आवाज वळाखतंय अजून."

श्यामसुंदरने डोळे पुसले आणि आजचंच तिकीट मिळतं का बघ, अशी अस्मिताला खूण केली.